शेजारच्या गॅरेजमधला बंदुकीचा परवाना

टेक्सासमध्ये आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ आपल्या गॅरेजमधून बंदुकांचा परवानाधारक व्यवसाय करतात, हे समजल्यावर मला धक्का बसला, आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे हे समजल्यावर त्याहून मोठा बसला. कचऱ्याचा डबा संध्याकाळपर्यंत बाहेर राहिला तर इशाऱ्याचे पत्र धाडणाऱ्या आमच्या वसाहतीच्या संघटनेला याचे काहीच वावगे वाटत नाही. पाटी नको आणि गिऱ्हाइकांची गर्दी नको, एवढीच तिची अट!

केंद्रीय परवाना घर आणि दुकान असा भेद करत नाही. दोन्हींसाठी तीन वर्षांचे शुल्क २०० डॉलर, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या अधिकाऱ्याची प्रत्यक्ष भेट. घरासाठी खरी अडचण असते ती शहराच्या जागावापर नियमांची. १९९३ आणि १९९४ साली शुल्क व अटी वाढवल्यानंतर अडीच लाखांच्या घरातले विक्रेते दशक संपायच्या आत लाखाच्या खाली आले, आणि त्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावरून धंदा करणारे मोठ्या संख्येने गळाले.

मला भुरळ पडली ती त्यांच्या नोंदवहीची. निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक, कॅलिबर, बंदूक कोणाकडून आली आणि कोणाकडे गेली, हे सारे रकाने ते सुवाच्य अक्षरात भरतात. आलेल्या मालाची नोंद लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत व्हावीच लागते. त्यांचा धंदा मुख्यतः इतरांनी ऑनलाइन घेतलेली बंदूक कुरिअरने स्वीकारून, खरेदीदाराकडून ४४७३ क्रमांकाचा सरकारी अर्ज भरून घेऊन आणि एफबीआयकडून त्याच्या पार्श्वभूमीची पडताळणी करून ती हवाली करण्याचा. भाडे नाही, नोकर नाहीत. भाडे भरून काचेची कपाटे मांडणारा दुकानदार अशांवर चिडतो, यात नवल नाही. मात्र वर्षातून फार तर एकदा वॉरंटशिवाय तपासणीला येऊ शकणारा अधिकारी यांच्या बाबतीत थेट घराच्याच दारात उभा राहतो.

आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करायला लावणाऱ्या आपल्या व्यवस्थेत वाढलेल्या साताऱ्याच्या आईला मी ही नोंदवही मोठ्या कौतुकाने सांगितली. एच-वन व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगताच येत नाही, हेही बजावले. “पण रात्री त्या बंदुका कुठे ठेवतात रे?” एवढेच तिने विचारले.

प्रश्न वर्मी लागला. चोरी किंवा गहाळ झाल्याचे लक्षात आल्यापासून ४८ तासांत कळवा, असे बजावणारा केंद्रीय कायदा विक्रेत्याने रात्री माल कसा कुलूपबंद ठेवावा याबद्दल जवळजवळ गप्प आहे, मग तो माल बाजारपेठेत असो वा गॅरेजमध्ये. दुकान रात्री ओस पडते, घरात निदान माणसे झोपलेली असतात, असा सोयीचा युक्तिवाद मी आईपुढे केला. शेजाऱ्यांनी जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेली पोलादी तिजोरी मी पाहिली आहे, पण ती त्यांनी स्वतःहून घेतलेली आहे.