पडक्या चर्चमध्ये वेदी कुठे होती?

वसईच्या किल्ल्यात येणारे बहुतेक जण भिंतींत घुसलेल्या पिंपळाच्या मुळांचे फोटो काढतात, 'इथे चर्च होतं' म्हणतात आणि पुढच्या पडक्या भिंतीकडे वळतात. छप्पर उडालेलं असलं तरी चर्च समजायला अवघड नसतं. मुख्य दारातून सरळ आत चालत जायचं. समोरच्या टोकाला वेदी, म्हणजे उपासनेचं मेज. आतल्या प्रत्येक गोष्टीची जागा तिच्या हिशोबाने ठरलेली असते.

'चर्च' हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ 'प्रभूचं'. पोर्तुगीजांचा 'इग्रेजा' आणि कोकणीतली 'इगर्ज' ही दोन्ही 'एक्लेसिया'ची लेकरं. त्याचा अर्थ बोलावून जमवलेली सभा. म्हणून मराठी बायबलात 'मंडळी' आणि कॅथलिकांच्या बोलण्यात 'ख्रिस्तसभा' म्हटलं की माणसं समजायची. इमारतीला वसईतली जुनी माणसं सरळ 'देऊळ' म्हणतात.

दाराशी भिंतीत शिंपल्यासारखा कोरलेला दगडी वाडगा दिसला तर तो पवित्र पाण्याचा. त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. बाप्तिस्म्याचं कुंड त्याहून मोठं, पायावर उभं. जुन्या चर्चमध्ये तेही दाराजवळच असायचं, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश.

मधला लांब भाग लोकांचा. दोन्ही भिंतींच्या माथ्याशी ओळीने चौकोनी खाचा असतील तर त्या तुळयांच्या. इथलं छप्पर लाकडी असे, आणि नेमकं तेच आधी जातं: कौल सरकतं, पावसाचं पाणी तुळईच्या टोकाशी मुरतं, टोक कुजतं आणि सगळा डोलारा खाली येतो. वेदीच्या माथ्यावर मात्र बऱ्याचदा दगडी कमान बांधलेली असते, म्हणून उघड्या अंगणापलीकडे झाकलेला गाभारा शिल्लक दिसतो. पायाखाली पोर्तुगीज अक्षरांच्या शिळा लागल्या तर जपून चाला, ती थडगी आहेत. मानकऱ्याला मेल्यावरही वेदीजवळ जागा हवी असे!

नांदत्या चर्चमध्ये वेदी दोनदा दिसते. मागच्या भिंतीला टेकलेली, कोरीव लाकडाची, ती जुनी. तिच्यापुढचं सुटं मेज नंतरचं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या सभेनंतर, फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, करू लागले आणि लॅटिनच्या जागी मराठी आली. जवळच्या छोट्या कुलूपबंद कपाटात पवित्र ओस्ती, म्हणजे मिस्सात वाटायची पातळ भाकर, ठेवतात. शेजारी तेवणारा दिवा हीच तिची खूण. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ते कपाट उघडं आणि रिकामं असतं. भिंतींवरची चौदा चित्रं म्हणजे क्रुसाची वाट, ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकेका चित्रापुढे थांबून करायची प्रार्थना. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या मिशनच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये हे कपाट, मूर्ती नसतात. तिथे मान प्रवचनपीठाचा.

घंटा मनोऱ्यात. रोजच्या त्रिकाळ प्रार्थनेला तीन-तीन-तीन ठोके आणि मग नऊ, अशी पद्धत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे.

दुरुस्तीत सर्रास होणारी एक चूक. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की पहिल्या वर्षी ती झकास दिसते. पण जमिनीतली ओल आणि खाऱ्या हवेतलं मीठ बाहेर पडायला वाट उरत नाही. गिलाव्यामागे मिठाचे खडे धरतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, कधी दगडाचा पृष्ठभाग घेऊनच. चुन्याची भिंत चुन्यानेच लिंपावी, आणि ती वाळायला वेळ द्यावा. गणपतीआधी घाई करून उपयोग नाही, पाऊस सरल्यावरच हात लावावा.

मिस्सा चालू असताना आत गेलात तर मागच्या बाकावर बसा. चपला सहसा काढाव्या लागत नाहीत. ओस्ती घ्यायला रांग लागली की जागेवर बसून राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. न कळता रांगेत उभं राहणं मात्र टाळा, ओस्ती प्रसादासारखी सगळ्यांना वाटत नाहीत.