एआर-१५ वर .२२ चा सराव: कन्व्हर्जन किटची नोंद, पहिल्या हजार राउंडपर्यंत

एआर-१५ मध्ये महागड्या .२२३ ऐवजी छोटं, स्वस्त .२२ एलआर (लाँग रायफल) काडतूस मारता यावं म्हणून हे किट. रायफल: एआर-१५, ५.५६ चेंबर (राउंड, म्हणजे काडतूस, बसतं ती जागा; त्यात .२२३ ही चालतं), १६ इंची नळी, ट्विस्ट १:७ (नळीतल्या आट्यांचा एक फेरा सात इंचांत). किट ड्रॉप-इन प्रकारचं, म्हणजे मूळ बोल्ट कॅरिअर (राउंड आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा भाग) काढून त्या जागी बसणारं. सोबत २५ राउंडची तीन मॅगझिन. अमेरिकेच्या काही राज्यांत १० च्या वर परवानगी नाही, तिथे त्याच आकाराची १० ची मॅगझिन मिळतात.

आधी हिशेब. .२२३ चा साधा राउंड ४५ ते ५० सेंटांना पडतो, तांब्याचा मुलामा असलेला .२२ एलआर ८ ते १० सेंटांना. राउंडमागे ४० सेंट वाचले आणि किट-मॅगझिनचे मिळून ३०० डॉलर धरले, तर ७५० राउंडला पैसे वसूल होतात. महिन्याला दोन पेट्या मारणाऱ्याने घाई करू नये. आठवड्याला दीडशे-दोनशे मारणाऱ्याचे पैसे दीड महिन्यात सुटतात.

अमेरिकन लष्करानेही एम१६ साठी एम२६१ नावाचं असंच किट वापरलं होतं. त्याचा १० राउंडचा इन्सर्ट नेहमीच्याच मॅगझिनमध्ये बसायचा. तेव्हाच्या एम१६ए१ चा ट्विस्ट १:१२ होता, .२२ ला आजच्या १:७ पेक्षा कितीतरी सोयीचा. हा मुद्दा खाली परत येईल.

बसवणं

मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मागची टेकडाउन पिन ढकलून रायफल उघडा, चार्जिंग हँडल थोडं मागे घेऊन मूळ कॅरिअर बाहेर काढा. किटच्या पुढच्या टोकाला .२२३ च्या केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) आकाराचा चेंबर अडॅप्टर असतो. तो चेंबरमध्ये शिरेल असं किट हाताने सरळ आत सरकवा, हँडल आणि किट एकत्र पुढे न्या, रायफल मिटा, पिन लावा. सगळं मिळून दोन मिनिटं. रायफल मिटताना जोर लावावा लागला तर थांबा. बहुतेक वेळा अडॅप्टर पूर्ण बसलेला नसतो, आणि त्याचं कारण चेंबरमधला कार्बन.

किट ब्लोबॅकवर चालतं, म्हणजे केसच्या मागच्या धक्क्यानेच बोल्ट मागे जातो, गॅस ट्यूबचा त्यात काही भाग नाही. स्प्रिंगही किटची स्वतःची असते. रायफलचा बफर जागचा हलत नाही, म्हणून धक्का जवळजवळ जाणवतच नाही. बोल्ट पुढे रेटायचं फॉरवर्ड असिस्टचं बटण निरुपयोगी, कारण किटच्या कॅरिअरला त्या खाचाच नसतात. बऱ्याच किटमध्ये शेवटच्या राउंडनंतर बोल्टला मॅगझिनचा फॉलोअर (राउंड वर ढकलणारी पट्टी) अडवतो, रायफलचा बोल्ट कॅच नव्हे. मॅगझिन ओढलं की बोल्ट पुढे जातो. रीलोडचा सराव करताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर हाताला चुकीची सवय लागते.

० ते २०० राउंड: काय चालतं, काय अडतं

४० ग्रेन वजनाची गोळी, राउंड नोज (गोल नाक), तांब्याचा मुलामा, १,२०० फूट प्रतिसेकंदाच्या वर वेग. या चारही अटी पाळल्या की किट निमूट चालतं. १,०७० च्या आसपासचा स्टँडर्ड व्हेलॉसिटी राउंड कॅरिअरला पुरेसा मागे ढकलत नाही. केस अर्धी बाहेर येते आणि पुढचा राउंड तिच्यावर आदळतो. चपट्या नाकाचे आणि हॉलो पॉइंट राउंड अडॅप्टरच्या कडेवर अडकतात. उघड्या शिशाची गोळी चालते, पण नळी आणि तिच्यातलं गॅसचं छिद्र (गॅस पोर्ट) लवकर भरतात.

राउंड उडालाच नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बाहेर काढून त्याच्या बुडाची कड बघा. नीट मार बसला असेल तर कडेवर चौकोनी, खोल, स्वच्छ दाब दिसतो. हलक्या माराचा दाब नखाने चाचपला तर जेमतेम लागतो. दाब खोल असूनही उडाला नसेल तर दोष काडतुसाचा. कडेत प्रायमरचं (ठिणगी देणारं) मिश्रण सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, रिमफायरची, म्हणजे कडेवर मार बसून उडणाऱ्या .२२ सारख्या काडतुसांची, ही जुनीच खोड आहे. दाब उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग तपासा. चाप हलका करण्यासाठी बसवलेल्या मऊ स्प्रिंगा .२२ ला पुरत नाहीत. साधी मिल-स्पेक (लष्करी मापाची) स्प्रिंग परत घाला, बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. काही ड्रॉप-इन ट्रिगर या किटशी जुळतच नाहीत, ते आधी विचारून घ्यावं.

२०० ते ६००: कागदावर

.२२३ च्या झिरोवर (त्या राउंडसाठी जुळवलेल्या नेमावर) .२२ लागत नाही. उंची बदलते आणि बाजूही सरकते. रेड डॉटचा (लाल ठिपक्याच्या साइटचा) क्लिक अर्ध्या एमओएचा (कोनाचं माप, १०० यार्डांवर सुमारे एक इंच) असेल तर ५० यार्डांवर एक क्लिक म्हणजे सुमारे पाव इंच. .२२ साठी किती क्लिक खाली-वर, किती डावी-उजवी, ते बटस्टॉकवर चिकटपट्टी लावून लिहा. ५० यार्डांवर झिरो केल्यावर हाय व्हेलॉसिटी राउंड १०० यार्डांवर ५ ते ६ इंच खाली लागतो.

५० यार्डांवर १० राउंडचा गट दोन ते अडीच इंचांचा येतो. त्याहून बारीक गटाच्या मागे लागू नये. १,२०० फुटांच्या वेगाने १:७ च्या नळीतून निघालेली गोळी मिनिटाला सुमारे १,२३,००० फेरे घेते. .२२ च्या नेहमीच्या १:१६ नळीत हाच आकडा ५४,००० असतो. मऊ गोळीत तोलाचा जरासा जरी दोष असला तरी इतक्या फिरकीत तो फार मोठा होतो. शिवाय अडॅप्टरमधून सुटलेली गोळी रायफलिंगला (नळीतल्या आट्यांना) पोहोचेपर्यंत मोकळी उडी घेते, आणि .२२४ इंचाची नळी .२२ एलआरच्या गोळीला किंचित सैलही पडते. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तिथल्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. ते काम अस्सल .२२ मॅच रायफलचं.

किटचा खरा उपयोग २५ ते ५० यार्डांवर: चापावरचा ताबा, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणं, गुडघ्यावर आणि बॅरिकेडमागे बसणं, डाव्या खांद्यावरून मारणं. हे सगळं हजारो वेळा करावं लागतं, आणि तिथे दहा सेंटांचा राउंड सोन्याच्या मोलाचा ठरतो. गटच हवे असतील तर १:१६ नळीचा स्वतंत्र .२२ अपर (रायफलचा नळीसकट वरचा भाग) घ्या. महाग आहे, पण सेंटरफायरचा, म्हणजे .२२३ चा, गॅस पोर्ट स्वच्छ राहतो.

६०० ते १,०००: घाण

ब्लोबॅकमुळे काजळी आणि मेण सगळीकडे पसरतं. साधारण ३०० राउंडनंतर केस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काळा गोळा बसतो आणि केसा आतच राहू लागतात. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि दोन थेंब तेलाने तेवढी जागा साफ केली की पुढे चालतं. किट ओलं ठेवा, कोरडं पडलं की अडतं.

सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) लावणार असाल तर उघडून साफ करता येणारा रिमफायरचाच लावा. सेंटरफायरच्या बंद सप्रेसरमध्ये शिसं साचतं आणि बाहेर काढायला वाट नसते.

घोडा रिकामा मारून बघायची सवय इथे नको. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते.

भारतात सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी एक ताकीद. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. हे किट किंवा मॅगझिन चुकूनही बॅगेत राहू देऊ नका.

परत .२२३ वर जाताना

राउंडचा आवाज 'पुक' असा दबका आला असेल तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिथेच थांबा, रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड बघा. परत .२२३ लावण्याआधी तर हे दर वेळी करायचंच, आवाज कसाही आलेला असो. मग चेंबर ब्रशने चेंबर फिरवून घासा. अडॅप्टरच्या तोंडाशी कार्बनचं कडं बसतं आणि .२२३ ची केस त्यात रुतते. नळीत शिसं दिसत असेल तर ते आधी काढा, त्यावरून जॅकेटची (धातूच्या वेष्टनाची) गोळी मारू नका. साबण आणि थंड पाण्याने हात धुवा, कारण रिमफायरच्या प्रायमरमध्येही शिसं असतं.

मूळ कॅरिअर बसवा, चिकटपट्टीवरचे क्लिक उलटे फिरवा आणि २० राउंड .२२३ चे मारा. गॅस पोर्टमध्ये साचलेलं मेण त्या दाबाने उडून जातं. झिरो त्यानंतरच्या पाच राउंडवर तपासा.