दाबाखालची चव

पाइपची तंबाखू म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पाऊचमधून चिमटीनं उचललेला भुरभुरीत कीस येतो. चिमूट घेतली, भरली, काडी ओढली. प्रेसखाली दाबून केलेल्या तंबाखूचा डबा उघडला तर असलं काही दिसत नाही. आत एकावर एक नीट रचलेले पातळ, लांबट काप असतात. रंग तपकिरी, त्यात मध्येच एखादी काळी रेघ, कुठे सोनेरी झाक. काप उजेडात धरला तर पानांचे थर दिसतात, शिरा दिसतात. पाइपवाले याला फ्लेक म्हणतात. न कापता अख्खी वडीच विकली तर ती प्लग. वडी बोटांत सहज कुस्करली जाण्याइतकी ठिसूळ असेल तर ती क्रम्बल केक. आणि पानांचा जाड दोर वळून, दाबून त्याच्या गोल चकत्या पाडल्या तर त्या कॉइन. मला या सगळ्या कुटुंबात व्हर्जिनिया आणि पेरीक या दोन तंबाखूंचा फ्लेक सर्वांत जवळचा. पुढचा मजकूर त्याच्या बाजूनं झुकलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

डब्याचा पहिला वास थोडा बुचकळ्यात टाकणारा असतो. सुकं गवत, मनुका, सुकं अंजीर, आणि त्यांच्यामागून व्हिनेगरची आंबूस चुणूक. नवख्या माणसाला वाटतं, माल आंबला. तो खरंच आंबवलेला असतो, निदान त्यातला काही भाग तरी.

गवताचा गोडवा व्हर्जिनियाचा. ही जात आता कितीतरी देशांत पिकते, पण तिची खरी ओळख ठरते ती सुकवण्याच्या पद्धतीवरून. बंद कोठारात पानं टांगायची आणि नळांमधून उष्णता खेळवायची, धूर मात्र पानाला लागू द्यायचा नाही. सुरुवातीच्या मंद उष्णतेत पान पिवळं पडतं आणि त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग उष्णता वाढवून पान पुरतं सुकवलं की ती साखर पानातच अडकते. बर्ले जातीची तंबाखू याच्या उलट, सावलीत हवेवर कित्येक आठवडे सुकते आणि तेवढ्या काळात पान आपली साखर स्वतःच संपवून टाकतं. म्हणून बर्लेची चव कोरडी, कवचाच्या फळांची. आणि म्हणूनच तिला बाहेरून गोड पाक लावावा लागतो.

सोनेरी व्हर्जिनियाची कथा १८३९ सालापासून सांगतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत अबिशा स्लेड या शेतमालकाकडे स्टीफन नावाचा एक गुलाम लोहारकामही करायचा. कोठारावर राखण करताना त्याचा डोळा लागला आणि आग विझत आली. जाग आल्यावर त्यानं घाईघाईनं भट्टीचा कोळसा आणून टाकला. एकदम वाढलेल्या कोरड्या उष्णतेत पानं लख्ख पिवळी झाली. त्या पिवळ्या पानावर पुढे मालकांनी आणि कारखानदारांनी किती पैसा केला, त्याचा हिशेब लागणार नाही. स्टीफन मात्र गुलामगिरी संपेपर्यंत दुसऱ्याच्या मालकीचाच राहिला. डब्यांवरच्या नक्षीदार लेबलांवर जहाजं असतात, ढाली असतात, सरदार असतात. त्याचं चित्र मी कुठे पाहिलेलं नाही.

आता पेरीक. ही अमेरिकेतल्या लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमधली; तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांची दाबून ठेवण्याची रीत पाहून प्येर शेने या शेतकऱ्यानं १८२४ च्या सुमारास ती बाजारात आणली, असं मानतात. पानं थोडी सुकवायची, मधला देठ काढायचा, हलकी ओली करून त्यांच्या जुड्या वळायच्या, आणि ओकच्या पिंपात ठासून वरून स्क्रू-जॅकनं दाब द्यायचा. पानांतून रस सुटतो, पानं त्या रसातच बुडून राहतात आणि हवेवाचून आंबतात. अधूनमधून पिंप उघडून, जुड्या मोकळ्या करून त्यांना वारा देतात आणि पुन्हा दाबाखाली घालतात. हे निदान वर्षभर चालतं. बाहेर पडतं ते जवळजवळ काळं, तुकतुकीत पान. त्याला आलुबुखाराचा, मिऱ्याचा आणि जुन्या तळघराचा वास. नुसती पेरीक ओढणारे लोक आहेत. त्यांच्या नाकाबद्दल मला आदर आहे आणि थोडी काळजीही. व्हर्जिनियात ती थोडीशीच घालतात. तेवढीच नाकाशी मिऱ्याची झणझण आणायला आणि व्हर्जिनियाच्या गोडव्याला आंबट धार द्यायला पुरते.

म्हणजे या फ्लेकमधली पेरीक दोनदा दाबली गेलेली असते. एकदा पिंपात आणि दुसऱ्यांदा कारखान्यात, व्हर्जिनियाच्या सोबतीनं. कारखान्यात पानं वाफेनं मऊ करून थरांवर थर रचतात आणि प्रेसमध्ये घालतात. कुणी उष्णता देतं, कुणी थंडच दाबतं. कुणी काही तासांत मोकळं करतं, कुणी दिवसेंदिवस तसंच ठेवतं. उष्णता दिली तर साखर आणि प्रथिनं यांची जुळणी होऊन रंग गडद होतो आणि भाजल्याची खमंग छटा येते. तयार वडी मुरत ठेवून मग तिचे काप काढतात.

यातल्या बऱ्याच डब्यांवर ‘नेव्ही’ हा शब्द असतो. त्यामागची गोष्ट अशी, की खलाशी पानांवर रम शिंपडून, ती कॅनव्हासमध्ये गुंडाळून दोरीनं करकचून आवळत. प्रवासात ती मुरत, आणि हवं तेव्हा चाकूनं काप काढायचा. गोष्ट ऐकायला छान आहे. सगळे रमचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी करामत दोरीची. नुसती रम शिंपडलेल्या सुट्या तंबाखूला रमचा वास येतो, एवढंच.

दाबानं नेमकं काय होतं, ते सुटं मिश्रण आणि फ्लेक पाठोपाठ ओढून पाहिलं की कळतं. सुट्या मिश्रणात एका झुरक्याला गवत, दुसऱ्याला मिरी, तिसऱ्याला भलतंच काही, असा खेळ चालतो. तोही मजेचा, आणि लॅटाकिया या धुरावर सुकवलेल्या तंबाखूच्या मिश्रणांत तर मला तो हवाच असतो. फ्लेकमध्ये पानांचे रस एकमेकांत उतरलेले असतात. पेरीक कुठे संपली आणि व्हर्जिनिया कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही. शिवाय दाबलेल्या पानांत हवा कमी, म्हणून ती हळू आणि थंड जळतात. साखरेनं भरलेल्या व्हर्जिनियाला हे फार मानवतं. तिला जोरानं ओढलं की ती तापते, चव जाते आणि जीभ चरचरते.

पण हे सगळं पाइपच्या वाटीत भरताना बिघडवता येतं. फ्लेक बहुधा ओलसर येतो, आणि डब्यातून थेट पाइपमध्ये घातला तर धुरापेक्षा वाफ जास्त ओढली जाते. नळीत पाणी खुळखुळायला लागतं. काप कागदावर मोकळे पसरून ठेवावेत, वाट पाहावी, आणि आता पुरेसे सुकले असं वाटलं की अजून थोडी वाट पाहावी. चिमटीत दाबल्यावर ते चिकटून न बसता मोकळे व्हायला हवेत. कडकडीत होऊन मोडायला लागले तर मात्र तेलं उडाली समजायचं.

मग येतो जुना वाद, मळायचा की घडी घालायची? तळहातावर पूर्ण मळला तर फ्लेक लवकर पेटतो, सुरुवातीला उजळ आणि गोड लागतो, पण लवकर तापतो आणि लवकर संपतो. घडी घालून, पीळ देऊन अख्खा खुपसला तर पेटायला छळतो, चारदा विझतो, पण चव खोल जाते. चौकोनी तुकडे करणारा तिसरा पंथही आहे. बारीक तुकडे वाटीत नुसते ओतायचे, दाबायचे नाहीत. एकाच डब्यातला एकच काप या तीन तऱ्हांनी भरला तर तीन वेगळ्या तंबाखू ओढल्यासारखं वाटतं. मी घडीच्या बाजूचा, वरच्या थरापुरता थोडा चुरा पसरून. पेटायला काहीतरी सैल लागतंच.

पहिली काडी फुकट जाते, ती जाऊ द्यावी. आच लागली की दाबलेली पानं फुगून वाटीबाहेर डोकं काढतात. दट्ट्यानं त्यांना हलकेच खाली बसवायचं आणि दुसरी काडी लावायची. त्यानंतर जितकं कमी कराल तितकं बरं. धूर दिसेल न दिसेल इतका सावकाश झुरका घ्यायचा. छातीत घ्यायचा नाहीच. तोंडात फिरवून सोडायचा, आणि त्यातला थोडा नाकावाटे. पेरीकची मिरी नाकातच कळते, जिभेवर ती जवळजवळ लपून राहते. या फ्लेकची उत्तम चव निखारा विझायच्या जरा आधी लागते. आच इतकी कमी, की आता गेलीच असं वाटावं, आणि नेमक्या त्याच वेळी तोंडात अंजीर उतरावं. जोरात ओढणाऱ्याला ते कधीच भेटत नाही. त्याला नुसता गरम कागद भेटतो.

वाटीचा पहिला भाग गवत, ताजा पाव आणि लिंबाच्या सालीची किंचित छटा यांचा. मध्यावर गोडवा गडद होतो आणि ती व्हिनेगरची आंबूस बाजू वर येते. हा सगळ्यांत श्रीमंत टप्पा. तळाशी फळं मागे पडतात, माती आणि मिरी पुढे येते, आणि निकोटिन आपली हजेरी लावतं. व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो, त्यामुळे तोंडातून निकोटिन तुलनेनं सावकाश शोषलं जातं. बर्ले किंवा धुरावर सुकवलेली काळी केंटकी यांच्या प्लगमध्ये ते भसकन अंगावर येतं. उपाशीपोटी असला प्लग ओढणाऱ्याला घाम फुटतो, घर फिरतं, उचकी लागते. तळाचा ओला गाळ संपवलाच पाहिजे, असा काही नियम नाही. तो टाकून द्यावा.

इथेच हेही बोलून घेतो. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, ही पाइपवाल्यांची लाडकी समजूत आहे आणि ती खोटी आहे. ओठांचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ झॉमरिंगनं १७९५ मध्येच नोंदवलं होतं. तोंड, घसा, अन्ननलिका, सगळ्यांनाच धोका आहे. चवीबद्दल इतकं लिहून मी कुणाला पाइप हाती घ्यायला सांगत नाही. जो ओढत नाही त्यानं ओढू नये.

आणखी एक अन्याय घरच्यांवर होतो. व्हॅनिला लावलेल्या सुगंधी तंबाखूचा वास खोलीत सुरेख दरवळतो आणि ओढणाऱ्याच्या तोंडात मात्र गरम गोड पाण्याखेरीज फारसं काही येत नाही. फ्लेकचं नेमकं उलट. ओढणारा अंजीर-मनुकांच्या बागेत, आणि शेजारी बसलेल्याला पाचोळा जाळल्याचा वास. या बाबतीत मी घरात कधीच वाद जिंकलेला नाही. दुसऱ्याच्या नाकावर आपलं चाललेलं असतं, तेव्हा बाहेर जाऊन बसणं एवढंच करता येतं.

पाइपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो बहुधा ब्रायरचा असतो. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती आच सोसते, पण वास धरून ठेवते. लॅटाकिया सायप्रसमध्ये लाकडाच्या धुरावर सुकवतात. ती एकदा ज्या पाइपमध्ये शिरली, तिथून लवकर निघत नाही; त्यात फ्लेक ओढला तर पेरीकऐवजी शेकोटी लागते. म्हणून फ्लेकचा पाइप वेगळा ठेवलेला बरा. अरुंद आणि उभ्या वाटीचा मला जास्त मानवतो. रुंद वाटीत मोठा निखारा होतो आणि मग तोच ओढणाऱ्याला ओढायला लागतो.

न उघडलेला डबा वर्षानुवर्षं राहतो आणि बहुतेक वेळा सुधारतो. काप काळवंडतात, कोवळ्या व्हर्जिनियाचा जिभेवरचा टोकदारपणा जातो, पेरीकची मिरी बुजते. काही लोकांना हीच अवस्था अंतिम वाटते आणि ते डबे कपाटात साठवत बसतात. मला मिरी थोडी जागी असलेलीच बरी वाटते. फार मुरलेला फ्लेक इतका गुळगुळीत होतो, की त्याच्याशी भांडायला काही उरत नाही.

आणि अर्ध्यावर विझलेल्या पाइपचं काय करायचं? राख टोकरून तळाची तंबाखू फेकायची, की काही तासांनी पुन्हा पेटवायची? पाइपवाल्यांत यावर तट आहेत. गार झालेल्या धुराची कडवट चव येते म्हणणारे खोटं बोलत नाहीत. लॅटाकियाच्या बाबतीत मीही त्यांच्यातला. व्हर्जिनिया-पेरीक मात्र मी खुशाल ठेवून देतो. वरची राख हलवायची नाही, दाबायची नाही, पाइप उभा ठेवायचा. रात्री पुन्हा काडी लावली की पहिले दोन झुरके राखेचे येतात, ते सोडून द्यायचे. तिसऱ्याला मनुका सकाळपेक्षा गडद लागतात.