पळसपापडी, सारस आणि बिरशीची धावपट्टी

तुमसर रोड सुटलं की वैनगंगेचा पूल येतो. नदी ओलांडली की खिडकीबाहेरची माती निराळी वाटायला लागते. मी अकोल्याची, कपाशीच्या सपाट काळ्या वावरांत वाढलेली. इथं धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, पाडलेल्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादी बोडी म्हणजे छोटं तळं, आणि धुऱ्याधुऱ्यावर पळस. मे महिन्यात बांध्या रिकाम्या, भेगाळलेल्या असतात. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. गोंदियाहून जीपनं मावशीच्या गावाकडं जाताना वाटेत उन्हात वाळत घातलेल्या पुडक्यांच्या रांगाच्या रांगा दिसल्या.

"एवढ्या उन्हात काहून आली गं पोरी?" मावशीनं दारातच विचारलं. "दिवाळीच्या अंगानं आली असती तं धान तरी पाह्यलं असतं."

"विमानं पाहायला आले," मी म्हटलं. मावसाजी हसले. "इमानं तं रोजच डोक्यावर फिरून राह्यली."

खरंच फिरतात. गाव बिरशीच्या धावपट्टीपासून जवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी ही धावपट्टी बांधली. आता तिथं वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, म्हणून धानपट्ट्यातल्या या खेड्यांवर दिवसभर छोटी पांढरी विमानं घिरट्या घालतात. उतरायचं, चाकं टेकवायची, लगेच पुन्हा उडायचं. गावकरी मान वर करत नाहीत, मला मात्र ती खाली करवत नव्हती.

माझ्याकडं एक वही आहे. आठवीत असताना सुरू केली. तिच्यात फक्त विचित्र विमानांची चित्रं आहेत: एका बाजूला कललेली, शेपूट पुढं असलेली, ताटलीसारखी गोल. ती मला हास्यास्पद कधीच वाटली नाहीत. ज्याला नेहमीच्या आकारात उत्तर सापडत नव्हतं अशा कुणीतरी ती काढलेली आहेत, हे कळल्यापासून माझा जीव त्यांच्यावर जडला. या वेळी वही सोबत होती, आणि ती बघायला मावशीचा सातवीतला नातू.

पहिल्याच संध्याकाळी तो मला धुऱ्यावर घेऊन गेला. पळसाखाली वाळलेल्या शेंगांचा सडा पडला होता. पळसपापडी म्हणतात तिला. कागदासारखी पातळ, चपटी, आणि टोकाला एकच बी. पूर्वी या पळसांवर लाखेचं पीक घ्यायचे, असं मावसाजींनी सांगितलं. पोरानं मूठभर पापड्या उचलून वर फेकल्या. काही तशाच कोसळल्या, पण तीन-चार गरगरत, फिरकी घेत, अगदी सावकाश खाली आल्या. जड टोक खाली, पातळ पान वर, आणि सगळा तोल त्या फिरण्यात.

मी तिथंच बसून त्याला ख्वान दे ला सिएर्व्हाची गोष्ट सांगितली. हा स्पेनचा माणूस. त्यानं बांधलेलं तीन इंजिनांचं विमान १९१९ साली कोसळलं. वेग कमी झाला, पंखांची उचल गेली आणि विमान पडलं. तेव्हापासून त्याचा एकच प्रश्न होता: वेग गेला तरी पडणार नाही असं यंत्र करता येईल का? त्यानं विमानाच्या डोक्यावर मोठा पंखा बसवला, पण तो इंजिनाला जोडला नाही. इंजिन फक्त पुढं ओढणार, वरचा पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्यावर आपोआप फिरत राहणार, पापडीसारखा. इंजिन बंद पडलं तरी तो फिरतोच, आणि यंत्र हळूहळू खाली येतं. त्याला त्यानं ऑटोजायरो नाव दिलं.

पण सुरुवातीची यंत्रं उडण्याआधीच कलंडायची. फिरताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या तोंडावर जातं, त्याला जास्त उचल मिळते. दुसऱ्या बाजूचं वाऱ्यासोबत मागं जातं, त्याला कमी. मग सगळं एका अंगावर पडतं. गंमत म्हणजे त्याचं छोटं मॉडेल मात्र नीट उडायचं. का, ते त्याच्या नंतर ध्यानात आलं. मॉडेलची पाती वेताची होती, लवचीक. ती वरखाली वाकून उचलीतला फरक आपणच जिरवत होती. म्हणून त्यानं खऱ्या यंत्राच्या प्रत्येक पात्याला मुळाशी बिजागरी बसवली. जास्त उचल मिळालेलं पातं वर जाणार, वर जाताना त्याचा वाऱ्याशी असलेला कोन कमी होणार, उचल आपोआप बेताची होणार. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या गेटाफेला ते यंत्र उडालं. १९२८ मध्ये सिएर्व्हानं स्वतः ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी ओलांडली. आजच्या हेलिकॉप्टरांच्या पात्यांची हालचाल या बिजागरीच्या विचारातूनच पुढं आली.

मावसाजी मागं उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "जुवाचंही तसंच असते. जू दांडीले आवळून बांधाचं नाई, नाड्यानं ढिलं ठेवा लागते. नाई तं एक बैल तगडा निंगला का गाडीच पिळून टाकते."

मी हे आजवर वीस लोकांना समजावलं असेल. इतक्या पटकन कुणाला कळलं नव्हतं.

सिएर्व्हाचा शेवट मी पोराला सांगितला नाही. पडणार नाही असं यंत्र शोधण्यात ज्यानं आयुष्य घातलं, तो ९ डिसेंबर १९३६ ला लंडनजवळच्या क्रॉयडनला एका नेहमीच्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला. दरवेळी हे वाचताना माझा घसा दाटतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही तलावावर. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर याच पट्ट्यात यावं लागतं. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच. काठाशी एक जोडी उभी होती, तांबड्या मानेची, माणसाच्या उंचीची. आम्ही लांब धुऱ्याआड बसलो. अर्ध्या तासानं दोघं धावायला लागले, सात-आठ ढांगा, पंख पसरले आणि पाण्यावरून वर. उडताना सारस मान आखडून घेत नाही, समोर ताणून धरतो. बगळ्याचं उलट, तो मान दुमडतो. त्यामुळं सारस दुरून पाहिला की वाटतं, पंख मागं राहिलेत आणि शरीर पुढं गेलंय.

अशीच विमानं आहेत, शेपूट पुढं असलेली. फ्रेंचांनी त्यांना कानार म्हणजे बदक हे नाव दिलं. राइट बंधूंचं पहिलं विमान तसंच होतं. ब्राझीलच्या सांतोस-द्युमोंनं पॅरिसला २३ ऑक्टोबर १९०६ रोजी सगळ्यांसमोर उडवलेलं १४-बिसही तसंच, पतंगांच्या पेट्या जोडल्यासारखं. ते साठेक मीटर गेलं, आणि महिन्याभरात २२० मीटर. पुढं बहुतेकांनी छोटा पंख मागं नेला आणि हा आकार अडगळीत पडला. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या बर्ट रुटाननं तो पुन्हा बाहेर काढला, कारण त्याचाही प्रश्न सिएर्व्हाचाच होता. नीट बेतलं तर वेग कमी झाल्यावर पुढच्या छोट्या पंखाची उचल आधी जाते, नाक आपणच खाली येतं, वेग परत मिळतो, आणि मुख्य पंख अखेरपर्यंत उडत राहतो.

त्याचं व्हॉयेजर मी वहीत दोन पानं जोडून काढलं आहे, एका पानात ते मावेना. पंखांचा विस्तार सुमारे ३४ मीटर. कार्बन तंतूंचा सांगाडा इतका हलका की जमिनीवरून सुटताना एकूण वजन चार टनांच्या वर, आणि त्यातलं तीन टनांहून अधिक नुसतं इंधन. १४ डिसेंबर १९८६ ला कॅलिफोर्नियातून निघताना इंधनानं वाकलेली पंखांची टोकं धावपट्टीला घासली, झिजली. तरी बर्टचा भाऊ डिक रुटान आणि जीना येगर नऊ दिवस त्या पेटीएवढ्या जागेत राहिले आणि कुठंही न उतरता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीला फेरी मारून आले.

घरी परतताना डोक्यावरून प्रशिक्षणाचं विमान गेलं. सडपातळ, लांब पंखांचं, गुळगुळीत. ही डायमंड कंपनीची विमानं पत्रा ठोकून केलेली नाहीत, तंतू आणि राळेची आहेत. १९५७ मध्ये जर्मनीतल्या विद्यार्थ्यांनी फीनिक्स नावाचं काचतंतूंचं ग्लायडर उडवलं, तेव्हा तोही एक प्रयोगच होता. आज त्याच जातीच्या पंखांवर मुलं गोंदियाच्या आकाशात पहिले धडे गिरवतात.

दुपारी भात आणि लाखोळीचं वरण जेवून ओसरीवर आडवे झालो. झोप कुणालाच नव्हती. तापलेल्या बांध्यांवरून वर चढणाऱ्या हवेत दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. आणि मला पॉल मॅकक्रेडी हा अमेरिकन अभियंता आठवला. तो सांगितल्याशिवाय राहवेना.

मॅकक्रेडी एका नातेवाइकाच्या धंद्याला जामीन राहिला होता. धंदा बुडाला आणि एक लाख डॉलरचं कर्ज याच्या गळ्यात आलं. "जामीन" शब्द ऐकल्यावर मावसाजी उठून बसले. १९७६ च्या उन्हाळ्यात तो बायकापोरांसोबत गाडीनं फिरायला निघाला होता. वाटेत घिरट्या घालणारे ससाणे आणि गिधाडं बघत होता. कोण किती कलतो, एका फेरीला किती वेळ लागतो, यावरून त्यांच्या उडण्याचं गणित मांडत होता. त्याच सुमारास त्याला आठवलं की माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये लावलेलं बक्षीस अजून कुणी जिंकलेलं नाही. ते वाढत वाढत पन्नास हजार पौंडांवर गेलं होतं. म्हणजे जवळपास कर्जाएवढंच.

गणित त्याला घारींसारख्या पक्ष्यांनीच दिलं. वजन तेवढंच ठेवून पंख खूप मोठे केले तर उडायला लागणारी ताकद घटत जाते, इतकी की सायकल मारणाऱ्या माणसाला ती पेलवते. म्हणून त्यानं २९ मीटर पंखांचं विमान केलं, वजन फक्त ३२ किलो. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पियानोच्या तारा, पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा. छोटा पंख पुढं, सारसाच्या मानेसारखा. इतर गट वर्षानुवर्षं खपून देखणी विमानं करत आणि एका पडण्यात सगळं संपे. मॅकक्रेडीचं पडलं की नळी बदलायची, चिकटपट्टी लावायची, आणि पुन्हा उडवायचं. त्याची सगळी करामत मला या दुरुस्तीत दिसते. २३ ऑगस्ट १९७७ ला कॅलिफोर्नियात शाफ्टर इथं ब्रायन ॲलन या सायकलपटूनं पायडल मारत, अर्धा मैल अंतरावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्याची फेरी पूर्ण केली. सात-साडेसात मिनिटं. विमानाचं नाव गॉसॅमर काँडोर. दोन वर्षांनी, १२ जून १९७९ ला, त्याच्याच धाकट्या भावंडानं, अल्बाट्रॉसनं, याच ॲलनच्या पायांवर इंग्लिश खाडी पार केली.

"मंग जामीनकी सुटली?" मावसाजींनी विचारलं.

"सुटली," मी म्हटलं. ते बराच वेळ घारींकडं बघत राहिले. त्यांनीही कधीतरी कुणासाठी सही केली होती, हे मावशीनं रात्री सांगितलं.

पोराला मात्र वहीतली उडती तबकडीच हवी होती. ॲव्ह्रोकार, कॅनडात बांधलेली, सुमारे साडेपाच मीटर व्यासाची, मधोमध मोठा पंखा आणि कडेनं खाली फेकली जाणारी हवा. १९५९ मध्ये ती जमिनीवरून सुटली. पण मीटरभर उंचीपर्यंतच तिच्याखाली हवेची गादी टिकायची. त्याच्यावर गेली की गादी विस्कटायची आणि तबकडी डगमगायची. ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास वेग मिळाला, १९६१ मध्ये काम थांबलं. पोराचं तोंड उतरलं. मग मी त्याला बीव्ही १४१ दाखवलं. जर्मनीत १९३८ साली उडालेलं, इंजिन एका धडावर आणि माणसांची काचेची खोली उजवीकडं वेगळी. टेहळणीसाठी एकच इंजिन हवं होतं आणि समोर आडवं काहीच नको होतं, म्हणून माणसांनाच बाजूला बसवलं. ते बाजूचं वजन पंख्याच्या पिळाला तोलतं. "हे पडत काहून नाई?" त्यानं विचारलं. तेवढ्यात मावशी कमरेवर पाण्याचा पितळी गुंड घेऊन आली, दुसऱ्या अंगाला झुकून. मी नुसतं बोट दाखवलं.

शेवटच्या सकाळी निघायची तयारी झाली आणि पोरगा कुठंच दिसेना. परसात तनसाच्या ढिगावर सापडला. दोन पळसपापड्या समोरासमोर लावून मध्ये बाभळीचा काटा खोवला होता, आणि बिया जिथं जोडल्या तिथं सुताचा एक सैल वेढा. "आत्या, बिजागरी," तो म्हणाला आणि सोडून दिलं. दीड गिरकी घेतली, एक पापडी वर उचलली गेली, आणि ते तिरकं होऊन कोंबड्यांत पडलं.

तो खाली उतरला, पापड्या उचलून उजेडात धरल्या. "एक पातं जड झालं," म्हणाला, आणि काटा थोडा सरकवला. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजत होता. मी वही उघडून एक कोरं पान त्याच्यासमोर धरलं, आधी आकार काढून घे म्हटलं.