औषध पाण्याला

आमच्या सासूबाईंच्या मते जगातले सगळे आजार दोनच ठिकाणी सुरू होतात, पोटात नाहीतर गार वाऱ्यात. या सिद्धान्तावर त्यांनी तीन मुलं वाढवली, आळीभर काढे पाजले आणि एकदा डॉक्टरांच्या कंपाउंडरलाही बरं केलं, असं त्या सांगतात. त्यामुळे टाकीच्या तळाशी पडून राहिलेल्या तात्याकडे चष्म्यातून बघत त्या म्हणाल्या, "पोट साफ नाहीये गं त्याचं," तेव्हा मला नवल वाटलं नाही.

तात्या म्हणजे फायटर मासा. अंगानं निळा, शेपटीला लाल झाक. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की कल्ले फुलवून त्याच्यावर धावून जातो, म्हणून तात्या. नात्यातल्या मूळ तात्यांना हे अजून कळलेलं नाही.

माशाचं आजारपण ओळखणं ही मोठी पंचाईत. तो कण्हत नाही, डोकं धरून बसत नाही. ताप मोजावा तर त्याचं रक्त थंड. पाण्याचं तापमान तेच त्याचं. फायटरच्या बाबतीत तर नेहमीची लक्षणंही फसवतात. इतर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले की पाण्यातला प्राणवायू कमी झाला असं समजावं. फायटर मात्र ठणठणीत असतानाही वर येऊन हवा पितो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतून श्वास घेणारा घड्याघड्यांचा अवयव असतो. थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं आणि उथळ दलदली हे त्याचं मूळ घर. तिथल्या कोमट, साचल्या पाण्यात प्राणवायू बेताचाच, म्हणून ही सोय. वर यायला वाट मिळाली नाही तर हा मासा पाण्यात असून गुदमरतो. शिवाय याला पानावर कुशीला टेकून झोपायची सवय. पहिल्यांदा तसा झोपलेला दिसला तेव्हा सासूबाईंनी नातवाला हळूच आतल्या खोलीत पाठवलं होतं. मग मी टाकीवर टिचकी मारली आणि तात्या भडकून उठला.

म्हणून खरं निदान लक्षणांच्या यादीवरून होत नाही, रोजच्या ओळखीवरून होतं. पर मिटून अंगाशी घेतलेत का, रंग उतरलाय का, अंगावर आडवे फिके पट्टे उमटलेत का, दाणा टाकल्यावर धावत येतो की बघून न बघितल्यासारखं करतो. या कामात सासूबाई माझ्यापेक्षा कितीतरी सरस निघाल्या. मी ऑफिसला जाते. त्या समोरच्या खुर्चीत बसून शेंगा सोलतात आणि तात्यावर नजर ठेवतात.

औषधाचं म्हणाल तर दुकानदारांचा एकच देव आहे, निळं औषध. परांना काही झालं, निळं औषध. अंगावर काही आलं, निळं औषध. मासा उदास दिसतो? "दो बूंद डाल दो, मॅडम." हे मिथिलीन ब्ल्यू. औषध वाईट नाही, बुरशीवर आणि काही परजीवींवर चालतं. पण ते टाकीत ओतलं की बोटं, काचेचे सांधे, तळातली वाळू सगळं निळं होतं, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. द्यायचंच तर मासा वेगळ्या टबात काढून द्यावं. काही दुकानांतून तर टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूलही सहज हातावर ठेवतात. कुठला जंतू, किती दिवस, काही नाही. कॅप्सूल फोडा, पाण्यात टाका. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांना मी फोन केला होता. कुत्री, मांजरं, गाई हा त्यांचा रोजचा गोतावळा. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले, "वजन किती आहे पेशंटचं?" आणि स्वतःच हसले.

तिथेच मला गंमत कळली. या पेशंटचं वजन कोणीच विचारत नाही. विचारतात ते टाकीचे लिटर. माशाचं बहुतेक औषध पाण्यात जातं आणि पाण्यामार्फत जेवढं लागायचं तेवढं लागतं. मग टेप घेऊन बसायचं. आमची टाकी ३० सेंटीमीटर लांब, २० रुंद, २५ उंच. गुणाकार करून हजारानं भागलं की १५ लिटर. पण आपण काठोकाठ कुठे भरतो? पाणी २० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे १२ लिटर. त्यातून वाळूची आणि दगडांची जागा वजा. म्हणजे बाटलीवर १५ लिटरसाठी लिहिलेलं माप आमच्या तात्याला दीडपट व्हायच्या बेतात असतं. पाचवीतलं घनफळ इतक्या वर्षांनी असं कामाला येईल हे आमच्या गणिताच्या बाईंना सांगायला हवं.

आणि बहुतेक वेळा आजारी असतं ते पाणीच. मासा ज्यात राहतो त्यातच त्याचं जेवण, त्यातच त्याचा संडास. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या दाण्यांच्या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसवणारं, तेही थोडं थोडं पाणी बदलून कमी करायचं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि मासा आतून भाजत असतो. स्पंज नळाखाली खसाखसा धुतला तरी तेच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या वस्तीवरच फिरतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घ्यावा. आमच्याकडे स्वच्छतेचा शेवटचा शब्द सासूबाईंचा असल्यामुळे ही सुधारणा मान्य व्हायला वेळ लागला.

बरण्यांत, पाकिटांत फायटर विकतात, कारण हवेतून श्वास घेत असल्यामुळे तो तिथे लवकर मरत नाही. पण हवा पिता आली म्हणून अमोनिया सोसता येतो असं थोडंच आहे! न मरणं आणि जगणं यांतला फरक दुकानाच्या फळीवर दिसत नाही, घरी आल्यावर दिसतो.

गार वाऱ्याचा सिद्धान्त खरा ठरला तो जानेवारीत. आम्ही नाशिकला. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागला की आमच्या घरातही पहाटे दातावर दात वाजतात. फायटरला पाणी २४ ते २८ अंशांच्या दरम्यान लागतं आणि एवढीशी टाकी एका रात्रीत गारठते. तात्याच्या परांवर पांढरे टिपके आले. टॉर्च घेऊन दिवे मालवून बघितलं. टिपके वेगवेगळे, मोजता येण्यासारखे असतील तर तो 'व्हाइट स्पॉट'. अंगभर बारीक सोनेरी भुकटी चमकली तर 'व्हेल्वेट', तो वेगळा परजीवी, त्याला प्रकाश मानवतो, म्हणून त्याच्या उपचारात टाकी अंधारात ठेवतात. आमचे टिपके पांढरेच निघाले.

या परजीवीची चाल नामी आहे. टिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीखाली सुरक्षित बसलेला असतो, औषध त्याला शिवत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती वेष्टन करून घेतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात, तेव्हाच फक्त औषधाच्या हाती सापडतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो, गार पाण्यात कितीतरी रेंगाळतो. म्हणून हीटर लावून पाणी हळूहळू, एकदम नव्हे, उबदार करायचं, आणि टिपके दिसेनासे झाले तरी औषध चालू ठेवायचं. इथे आमचं वाजलं.

"डाग गेले ना? मग आता कशाला विषाचे थेंब टाकतेस?"

"आई, आता तर ते औषधाच्या तावडीत येणार आहेत."

"बरं वाटलं की औषध बंद करावं. उगाच अंगात साठतं."

हेच तत्त्व त्या स्वतःच्या गोळ्यांनाही लावतात. कपाटात पाच दिवसांच्या कोर्समधल्या दोन-दोन दिवसांच्या गोळ्यांचं संग्रहालय आहे. तात्याचा कोर्स मात्र पुरा झाला. त्याच्या बाजूनं बोलणारी मी होते. त्यांच्या बाजूनं बोलायला गेलं की त्या ऐकतच नाहीत.

पण पोटाचं काय? तर पोटाचंही खरं ठरलं. तात्या तळाला पडला होता, वर यायला धडपडत होता, आणि बाजूनं बघितलं तर पोट टम्म. दुकानातले सुके दाणे पाण्यात फुगतात, हा आधाशी, आणि नातू लाडानं चिमूट-चिमूट घालणारा. यावरचा पहिला उपचार म्हणजे दोन-तीन दिवस काहीही खायला न घालणं. मी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते वर्णन करण्याच्या पलीकडचं होतं. "लंघनं परमौषधम्!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. एकादशी जवळच होती, त्या दिवशी घरात दोघांचा उपास झाला. सोललेला मटार खिलवा असा एक सल्ला सगळीकडे मिळतो, तो गोल्डफिशसाठी ठीक असेल. फायटर मांसाहारी, किडे-अळ्यांवर जगणारा. लंघनानंतर त्याला डॅफ्निया नावाचे पाण्यातले बारीक जीव दिले, ते पोट सारतात. नाहीच सुटलं तर एप्सम सॉल्टच्या पाण्यात ठेवतात. हे ऐकून सासूबाईंना त्यांच्या लहानपणचा रविवारचा जुलाब आठवला आणि त्यांनी तात्याकडे प्रथमच करुणेनं बघितलं.

फुगलेलं पोट आणि जलोदर यांत मात्र गल्लत करू नये. टाकीकडे वरून बघावं. अंगावरचे खवले सीताफळाच्या सालीसारखे सुटे, उभे झालेले दिसले तर प्रकरण हाताबाहेर चाललं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत झिरपत असतं आणि मूत्रपिंडं ते सतत उपसत असतात. ती थकली की पाणी आतच साठतं. म्हणजे जलोदर हा मुळात रोगच नव्हे, रोग शेवटच्या टप्प्यावर आल्याची खूण. यातून उठलेले मासे फार थोडे. माशाचे हाल बघवत नसतील तर लवंगेच्या तेलानं त्याला कायमची झोप देतात. दाढदुखीच्या त्या बाटलीचा हा उपयोग मी घरात कोणाला सांगितलेला नाही.

साध्या मिठाचं काम याच उपशाशी जोडलेलं आहे. पाण्यात लिटरला एक-दोन ग्रॅम मीठ असलं की झिरपणं थोडं कमी होतं, माशाची दमछाक वाचते, कुजणाऱ्या परांना भरून यायला उसंत मिळते. जाडं मीठ घ्यावं, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून मग घालावं. आणि ध्यानात ठेवावं की पाणी उडून जातं, मीठ जात नाही. टाकीतलं पाणी खाली गेलं की नुसतं पाणी भरावं. पुन्हा मीठ घालत राहिलं तर लोणचं होईल.

पर झिजलेले दिसले की लगेच 'फिन रॉट' म्हणू नये, हेही शिकलो. कडा काळपट-लालसर, रोज थोड्या मागे सरकणाऱ्या असतील तर कुज. स्वच्छ फाटलेला पर असेल तर प्लॅस्टिकच्या झाडाकडे संशयानं बघावं. अर्धगोल घास घेतल्यासारखा असेल तर मासा स्वतःच स्वतःची शेपटी खातो आहे. त्याला तरी दोष काय द्यावा? रानातल्या फायटरची शेपटी आखूड असते. आपण निवडून निवडून १८० अंशांत उघडणारी हाफमून शेपटी त्याच्या मागे बांधली, ती ओढत तो जन्मभर फिरतो. जाड चमकत्या खवल्यांची एक जात काढली, तर त्यातल्या काहींचे खवले डोळ्यांवर चढून मासा आंधळा होतो. हा आजार कुठल्या बाटलीनं बरा करायचा?

सासूबाईंना मनापासून आवडलेलं औषध एकच, बदामाचं पान. आपल्या रस्त्यांकडेला असतो तोच देशी बदाम. त्याचं वाळून गळलेलं तांबूस पान पाण्यात टाकलं की टॅनिन उतरतं, पाणी चहाच्या रंगाचं होतं, किंचित आम्ल होतं, जंतूंना थोडा चाप बसतो. थायलंडमधले फायटर पाळणारे हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. तिथे २०१९ साली सरकारनं फायटरला राष्ट्रीय जलचर केलं, म्हणजे त्यांना माशातलं कळत असणार. पान रामबाण नाही, पण तात्या त्या पाण्यात निवांत दिसतो. ऑनलाइन ही पानं पाकीट करून विकतात हे मी सासूबाईंना दाखवलं. त्या किंमत बघून उठल्या, खाली जाऊन सोसायटीच्या झाडाखालचा पाला बघून आल्या, आणि झाडणाऱ्या मावशींना सांगून आल्या की उद्यापासून चांगली पानं जाळायची नाहीत. फवारणी होत नाही ना, रस्त्याची धूळ-धूर नाही ना, याची चौकशीही त्यांनीच केली.

तात्या आता थोरला झालाय. फायटर साधारण दोन-चार वर्षं जगतो, आणि दुकानात येतो तोच वयात आलेला. हल्ली रंग मंद झालाय, दाण्यावरचा नेम चुकतो. पाणी तपासलं, टॉर्च मारली, वरून बघितलं, काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय? मला कुठे सुईत दोरा ओवता येतो?" आता त्या दाणा चिमटीत पाण्याशी धरतात आणि तो सापडेपर्यंत हात हलवत नाहीत.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. नातवाच्या वाढदिवसाला कोणीतरी फायटर दिलाय, मोरंब्याच्या बरणीत ठेवलाय, दोन दिवसांपासून हलत नाही. "दुकानदार म्हणाला, याला काही लागत नाही हो. बरणी पुरते."

"मग त्याला म्हणावं, तू राहून दाखव बरणीत," सासूबाई म्हणाल्या, आणि थर्मामीटर घेऊन जिना उतरल्या. थोड्या वेळानं खालून हाक आली, "अगं, टेप आण! आणि यांच्याकडे बादली आहे ती किती लिटरची, बघ जरा!"