तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्री नेत्यांची की देशांची?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच, "दोन नेत्यांचं पटत नसेल, तर मित्रदेशांची मैत्री टिकते का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा गळाभेटीचे फोटो असतात. मी उलट विचारतो, घरी त्यांच्यामागे मतं किती आहेत?

तुर्कस्तानचं घ्या. २००३ मध्ये अमेरिकेला इराकवर उत्तरेकडूनही चाल करून जायचं होतं आणि त्यासाठी सुमारे ६२ हजार सैनिक तुर्कस्तानात उतरवायचे होते. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत, म्हणजे अमेरिकेच्याच लष्करी आघाडीत. सरकार राजी होतं, अब्जावधी डॉलरच्या मदतीची बोलणी झाली होती, रणसामग्रीने भरलेली अमेरिकी जहाजं किनाऱ्याजवळ खोळंबली होती. १ मार्चला संसदेत मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०. झालं की मंजूर! पण नाही. १९ जण तटस्थ राहिले होते, आणि हजर सदस्यांचं बहुमत लागत होतं. तीन मतं कमी पडली. सत्ताधारी पक्षाचेच कितीतरी खासदार फुटले होते, कारण लोकांना हे युद्ध नको होतं. जहाजं शेवटी सुएझमार्गे कुवेतकडे गेली. आता यात नेत्यांचं बिनसलं कुठे?

जर्मनीत उलटा प्रकार. २००२ च्या निवडणुकीत चॅन्सलर (तिथले सरकारप्रमुख) गेरहार्ड श्र्योडर यांनी इराक युद्धाला विरोध करत प्रचार केला आणि ते काठावर निवडून आले. (निम्मं तत्त्व, निम्मं मतांचं गणित, असं माझं मत.) अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ते मनाला लावून घेतलं. तरी युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीतले अमेरिकी तळ चालूच राहिले, हवाई हद्द खुली राहिली आणि तळांबाहेर पहाऱ्याला जर्मन सैनिक उभे राहिले.

म्हणून नेत्याच्या शब्दाला किंमत नाही, असं मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये १९८४ साली डेव्हिड लाँगी अण्वस्त्रमुक्तीचं आश्वासन देऊन सत्तेवर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका अमेरिकी युद्धनौकेला बंदरात येऊ दिलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेने संरक्षणाची हमी काढून घेतली. १९८७ मध्ये न्यूझीलंडमध्ये अण्वस्त्रबंदीचा कायदाच झाला. नंतर विरोधक सत्तेत आले, पण त्यांनीही तो ठेवला, कारण मतदारांना तो हवा होता. २०१६ मध्ये तीसहून अधिक वर्षांनी पहिली अमेरिकी युद्धनौका तिथे आली, तीसुद्धा त्या कायद्याप्रमाणे पंतप्रधानांनी नौकेवर अण्वस्त्रं नाहीत याची आधी खात्री करून घेतल्यावरच.