हात हलवणारे सर

"ह्या आमना सर शेतस. कॉलेजात वाद्यवृंदापुढे हात हलवायचे."

क्लॅरिनेटने, म्हणजे माझ्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याने, अशी ओळख करून दिली आणि नवरदेवाच्या मामाने मला वाकून नमस्कारही केला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, विषय तिथेच मिटला असता. अमळनेरहून परत आलो तरी ते वाक्य काही पाठ सोडत नाही. पंगतीत वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, वाढणाऱ्यांचा आग्रह, आणि माझं आपलं मनात चाललेलं: हात हलवण्यापलीकडे आपण केलं काय?

हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग त्यात खोटं काय बोलला तो?"

खोटं काहीच नाही. तीच तर अडचण आहे.

तबल्याच्या सरांचा तबला ऐकू यायचा. गायनाच्या मॅडम आकाशवाणी जळगाववर लागायच्या, दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे. माझं काय लागणार? आमचा वाद्यवृंद लागला तर त्यात मी सोडून सगळे ऐकू येणार. नोकरीभर पगार घेतला तो आवाज न करण्याचा.

पहिल्या स्नेहसंमेलनाला प्राचार्यांनी विंगेत गाठून विचारलं होतं, "प्रमुख पाहुण्यांकडे पाठ करून कसले उभे राहता?" पुढे काही वर्षं मी तिरका उभा राहायचो. एक डोळा सतारींवर, एक पाहुण्यांवर. डावीकडची व्हायोलिनं त्या काळात कायम अर्धी मात्रा मागे असत, आणि त्याचं कारण पाहुणे होते हे कुणालाच माहीत नाही.

२०१० नंतर एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायचे, फॉर्म आले. शोधनिबंधाला गुण, चर्चासत्राला गुण. वाद्यवृंद कुठल्या रकान्यात? तर एनएसएसचं शिबिर आणि गॅदरिंगची समिती यांच्या शेजारी, सरमिसळीत. महिनाभर पोरं संध्याकाळी थांबवून घेतली, त्यांची शेवटची एसटी चुकली म्हणून कुणाकुणाला घरी जेवायला आणलं, ते लिहायला रकाना नव्हता. माझ्यामागे ती जागा तर भरलीच नाही. तासिका तत्त्वावर एक मुलगी येते, तिचं मानधन... जाऊ दे.

पुन्हा तेच. हात हलवायचे.

१९५२ साली दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला तेव्हा त्याच्यापुढे पंडित रविशंकर उभे राहिले. त्यांनीही हातच हलवले असतील. पण त्यांना हात हलवून झाले की सतार मांडीवर घ्यायची सोय होती. तासाला मी मेहली मेहतांचं उदाहरण द्यायचो. मूळचे व्हायोलिनवाले. १९३५ साली त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी उभी केली, १९६४ पासून लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवलं, आणि अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण पोरांचा वाद्यवृंद थेट १९९८ पर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत चालवला. म्हणजे पोरं तयार करायची, ती दुसरीकडे वाजवायला निघून जाणार, यांच्यापुढे पुन्हा कच्ची पोरं. त्या वयात! मी हे रंगात येऊन सांगायचो आणि मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न यायचा, "सर, मग ते झुबिन मेहतांचे कोण?"

वडील, बाबांनो.

तेव्हा पोरांचा राग यायचा. आज वाटतं, निदान कुणाचे तरी कोण असं त्यांच्याबद्दल विचारत तरी होते.

माझं वाद्य हार्मोनियम. हे क्लॅरिनेटला माहीत असायला हवं होतं, कारण ती मी बंद केली तेव्हा तो समोर होता. नवापूरकडचा एक पोरगा त्या वर्षी पावरी घेऊन आला. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजते ती, भोपळ्याची आणि बांबूची. त्याने फुंकर मारली आणि हॉलमधली बाकीची वाद्यं एकदम शहरी, धुतल्यासारखी वाटायला लागली. फक्त तिचा सा पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन या लगतच्या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी. पावरीला खुंट्या नसतात, ती आहे तशीच बोलते. हार्मोनियमलाही खुंट्या नसतात. दोघींपैकी एक बाहेर जाणार हे उघड होतं. मी पेटीचा भाता लावून टाकला. सतारी आणि व्हायोलिनं पावरीला मिळवली, तबल्याचे गट्टे ठोकले, बासरीवाल्याला त्या धुनेपुरतं झांजेवर बसवलं (तो माझ्याशी पुढे वर्षभर बोलला नाही). आणि क्लॅरिनेटला पांढरी दोनवर धरून, बॅरल (तोंडाजवळचा जोड) केसभर बाहेर ओढून सूर उतरवायला शिकवलं. तो रडकुंडीला आला होता. क्लॅरिनेट वडलांचं, घरच्या बँडचं. मोडलं तर वडील मला मोडतील, म्हणाला. मोडलं नाही. पावरीला जेवढे स्वर होते तेवढ्यातच धून बांधली आणि स्पर्धेत वेळ संपल्याची घंटा व्हायच्या आत तिहाई घेऊन समेवर आलो.

आलो म्हणजे ते आले. स्पर्धेत मास्तरला मंचावर जागा नसते. मी विंगेत पडद्याच्या दोऱ्यांमध्ये उभा राहून हात हलवत होतो.

एवढं आठवल्यावर स्वतःची फार कीव आली आणि चहा करून घेतला.

चहा पिताना वरात आठवली. तीही लिहितो, कारण रात्रीपासून मी तेवढाच भाग सोयीने वगळतोय. दाट तिथी चालू आहेत, पोरं दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या वाजवतात, ओठ सुजलेले, सगळ्यांना लवकर संपवायचं. वळणावर ट्रम्पेट पळायला लागले. मागचा ढोल एका लयीत, पुढे ट्रम्पेट भलत्याच. क्लॅरिनेट सगळ्यांच्या पुढे चालत होता, अंगात जरीचा कोट, गळ्यात शिट्टी. क्लॅरिनेट हातात नव्हतंच. मालक झाल्यापासून तो वाजवत नाही म्हणे. त्याने मागे वळूनसुद्धा न बघता उजवा हात खांद्यापर्यंत उचलला आणि तळवा खाली करून दोनदा दाबल्यासारखा केला. ट्रम्पेट जागेवर आले.

तळवा माझा होता. उचलून नेलेला, पण माझा. करंगळी बाहेर राहते, तीसुद्धा.

नवरदेवाच्या मित्रांचं लक्ष नाचण्यात, बायकांचं शालू सांभाळण्यात, मामांचं डोक्यावरच्या फेट्यात. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. माझ्यात आणि त्याच्यात फरक म्हणाल तर त्याला अर्धे पैसे आगाऊ मिळतात आणि पाहुण्यांकडे पाठ केली म्हणून कुणी विंगेत गाठत नाही. वर जरीचा कोट. तेव्हा "हात हलवायचे" हे त्याच्या धंद्यात बढतीनंतरचं पद असण्याचीही शक्यता आहे. मला ते हवं तसं वाचता येतंय, हे कळतं. तरी वाचतोय.

मघाशी त्याचा फोन आला. नवी पोरं ऐकत नाहीत, सगळी पुढे पळतात, तिथी संपल्या की चार दिवस येऊन बसाल का. "वाजवायचं काही नाही सर, नुसतं पुढे उभं राहायचं."

बघतो म्हणालो. ही आतून ओरडली, "पैसे घ्या या वेळी!"

घेणार आहे. बँडमध्ये नुसते हात हलवायचा दर काय चालतो, हे कुणाला विचारावं, एवढ्यावरच अडलंय.